बिट्टीला बाहेर काढ

तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले असतील. मी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते. जुई बाहेरच्या खोलीत खिडकीच्या गजांना बोटं लावून बसली होती. कोणीतरी म्हणालं,

"बिट्टीला बाहेर काढ. बिट्टी शहाणी झाली."

लहान मुलीचा आवाज. घोगरा, सर्दी झाल्यासारखा, शेवटी थोडा फाटणारा. मला वाटलं, शेजारपाजारची एखादी पोर आलीय. हात पुसत बाहेर आले. दाराला आतून कडी होती आणि खोलीत जुईशिवाय कोणी नव्हतं.

ती खिडकीकडेच बघत होती. तिचे ओठ हलले.

"बिट्टीला बाहेर काढ. बिट्टी शहाणी झाली."

मग जीभ टाळूला लावून तिने एक आवाज काढला. खट्. कडी सरकल्यासारखा. आणि ती गप्प झाली.

जुई तेव्हा सहा वर्षांची होती. स्वतःचं असं ती एक अक्षर बोलत नसे. भूक लागली तर माझा हात धरून डब्याकडे न्यायची, दुखलंखुपलं तर नुसती रडायची. पण ऐकलेलं सगळं ती परत बोलायची, आणि ज्याचं त्याच्या आवाजात. दूधवाल्याचं 'म्हशीचं की गाईचं?' दूधवाल्याच्या आवाजात. माझे सासरे, आबा, वारले, त्याला चार महिने झाल्यावर एका दुपारी ती त्यांच्याच खर्जात म्हणाली, 'अगं, चष्मा कुठे ठेवलास माझा?' माझा नवरा सुधाकर भरल्या ताटावरून उठून गेला होता.

पुण्याच्या डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली, ऑटिझम. म्हणाले, तिच्याकडे शब्द आवाजासकट साठतात, आणि कधी बाहेर येतील ते तिलाही ठाऊक नसतं. घाबरू नका. आम्ही घाबरायचं सोडलंही होतं. सवय झाली होती. त्या संध्याकाळी मात्र पोहे तसेच राहिले. कारण आजवर ती ज्याच्या आवाजात बोलली, ते प्रत्येक माणूस मला माहीत होतं. ही बिट्टी मला माहीत नव्हती.

आम्ही साताऱ्यात राहायचो. मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते, सुधाकर कराडकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट. जुईसाठी शाळा शोधायला आम्हाला दोन वर्षं लागली होती. पहिल्या शाळेने तिसऱ्या दिवशी बोलावून घेतलं आणि सांगितलं, बाकीचे पालक तक्रार करतायत. दुसरीतले गुरुजी फार भले होते, पण त्यांच्या एका वर्गात अठ्ठावन्न मुलं. पहिल्याच आठवड्यात ती फाटकातून निघून गेली आणि दोन तासांनी हायवेवरच्या एका टायरच्या दुकानात सापडली. तिसरी शाळा कर्णबधिर मुलांची होती. तिथल्या बाई म्हणाल्या, "हिला तर ऐकू येतं. आम्ही काय करू?"

मग ही चौथी. नाव सांगत नाही. ती शाळा आता नाही. गावाबाहेर डोंगराच्या बाजूला एक जुना बंगला, पुढे बोगनवेल, मुलांना न्यायला स्वतःची गाडी. मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा अकरा मुलं भिंतीला पाठ लावून रांगेत बसली होती. तळहात गुडघ्यांवर. कोणी उठत नव्हतं, हात झटकत नव्हतं, ओरडत नव्हतं. डोक्यावरच्या पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

"आमच्याकडे मूल पंधरा दिवसांत शांत होतं," सबनीस मॅडम म्हणाल्या. त्या मुख्याध्यापिका, शाळाही त्यांचीच. "एकच विनंती. मध्ये मध्ये भेटायला येऊ नका. आई दिसली की मूल बिघडतं."

खोटं कशाला सांगू, मला त्या शांततेचा मोह पडला. सहा वर्षांत माझ्या घरात एक तासही तशी शांतता नव्हती. मी तिथल्या तिथे फॉर्म भरला.

जुई खरोखर शांत झाली. घरी आली की खिडकीपाशी बसायची, दिवे लागायच्या आत झोपून जायची. "फरक पडतोय की," सुधाकर म्हणाला. मीही तेच म्हणत होते. कोर्टातून आल्यावर मी पाठ टेकायला लागले होते. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा. ते अकरा दिवस चाललं. अकराव्या दिवशी बिट्टी आली.

दुसऱ्या संध्याकाळी मी वही घेऊन बसले. माझं कामच ते होतं. समोरचा जे बोलेल ते तसंच्या तसं उतरवायचं. जुई कधी पाच मिनिटांनी, कधी तासाने एखादं वाक्य बोलायची. दोन संध्याकाळी मिळून चार वाक्यं आली.

बिट्टीला बाहेर काढ, बिट्टी शहाणी झाली.

बिट्टी नाही चावणार.

अंधार नको, बिट्टीला अंधार नको.

चौथं वाक्य अगदी हळू होतं, मला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. ते उतरवून घेतलं आणि वही मिटली.

सबनीस मॅडमना फोन केला.

"बिट्टी?" त्या म्हणाल्या. "आमच्या पटावर अशी कोणी नाही. टीव्हीवरचं असेल हो."

"आमच्याकडे टीव्ही नाही, मॅडम. हिला सहन होत नाही."

"मग शेजाऱ्यांकडचा. ही मुलं कुठूनही काहीही उचलतात. तुम्ही सुशिक्षित आहात, असं मनावर घेऊ नका."

सुधाकरचंही तेच म्हणणं पडलं. "वैजू, तीन शाळांनी हिला काढलं. चौथी मिळालीय. ती एका नावावरून सोडायची?"

"नावावरून नाही. आवाजावरून. ती मुलगी कुठेतरी आहे, सुधाकर. हिने तिला ऐकलंय."

"उद्या ही आबांच्या आवाजात बोलेल. म्हणून काय आबा त्या शाळेत आहेत?"

 सकाळी जुईला गाडीत बसवलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तशी मी कोर्टात फोन करून अर्ध्या दिवसाची रजा सांगितली.

मी पोहोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. ऊन कडक होतं. फाटक नुसतं लोटलेलं. सबनीस मॅडम कुठे बाहेर गेल्या होत्या आणि शिकवणाऱ्या मुली मागे जेवायला बसल्या होत्या. वर्गाच्या उंबऱ्यात गजराबाई नावाची तिथली आया सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिने मला बघितलं, काही म्हणणार होती, पण तोवर मी आत गेले होते.

तीच रांग. तेच गुडघ्यांवरचे हात. जुई धरून आता बारा. जुई तिसरी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण तिच्या बाबतीत त्याचा काही अर्थ नसे. खिडक्यांना हिरवे पडदे होते, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे पाण्याखाली असल्यासारखे दिसत होते. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"बिट्टी कोण आहे रे तुमच्यात?"

कोणी हललं नाही.

"बिट्टी?" मी पुन्हा म्हटलं.

रांगेच्या पार टोकाला एक मोठा मुलगा होता. बारा-तेरा वर्षांचा, ओठांवर लव आलेली. त्याने समोरच्या भिंतीवरून नजर न हलवता तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून ती लहान मुलगी बोलली.

"बिट्टीला बाहेर काढ."

तोच घोगरा आवाज. त्याच्या शेजारी दोन वेण्यांची मुलगी होती. "बिट्टी शहाणी झाली," ती म्हणाली. वाक्याचा शेवट तसाच फाटला, जिथे जुईचा फाटायचा तिथेच. मग मधला एक गोरा, चष्मा लावलेला. "अंधार नको." मग जुई. मग जुईच्या पलीकडचा. एक थांबला की दुसरा. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. त्या रांगेत बिट्टी नव्हती, आणि तिचा आवाज मात्र या तोंडातून त्या तोंडात सरकत होता, जणू ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होती. शेवटी चार-पाच जणांनी जवळजवळ एकदमच जीभ टाळूला लावली.

खट्.

आणि सगळं थांबलं. पंख्याची कुरकुर पुन्हा ऐकू यायला लागली.  

मागे सूप खाली पडल्याचा आवाज झाला.

"बाई, तिचं नाव कशाला घेतलंत?" गजराबाई म्हणाली. 

"कुठाय ती?"

"न्हाई हितं. तिला जाऊन दीड वरीस झालं."

"जाऊन म्हणजे?"

"घरी न्हेली तिच्या आईनं. लोणंदच्या भोइट्यांची पोरगी. लई वाळली व्हती." ती उंबऱ्यातच बसून तांदूळ गोळा करायला लागली. "ती गेली, पन ह्ये राह्यलं बगा. एकाचं ऐकून दुसरं, दुसऱ्याचं ऐकून तिसरं. नवं पोरगं आलं की आठ-पंधरा दिसांत त्येच्याबी तोंडात येतं. म्याडम म्हणत्यात, दुर्लक्ष करा. म्या घरी भाकरी थापताना बी ऐकते ते. काम सोडीन म्हणते, तर पोटाला काय?"

"तिला कुठे ठेवत होते, गजराबाई?"

तिने सूप बाजूला सारलं. मग उठली आणि मला स्वयंपाकघरामागे घेऊन गेली. जुन्या बंगल्याची कोठीची खोली होती ती. हिरवं रंगवलेलं जाड दार. "म्याडम हिला शांत खोली म्हणत्यात," ती म्हणाली, आणि तिने कडी सरकवली.

खट्.

तो आवाज मी घरी जुईच्या तोंडून ऐकला होता, आता वर्गात ऐकला होता. हुबेहूब तोच. आत खिडकी नव्हती. एक गोणपाट अंथरलेलं होतं, बाकी काही नाही. मी आत शिरले आणि दार आतून बघितलं. माझ्या गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यात हिरवा रंग राहिलाच नव्हता. तिथे हात ठेवला. लाकूड जात्याच्या खुंट्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

"माझ्या जुईला ठेवलं होतं इथे?"

"न्हाई बाई." ती पटकन म्हणाली. "तुमच्या पोरीला न्हाई. आईची आन."

मी तिच्यावर विश्वास ठेवला. मला ठेवायचा होता.

जुईचा हात धरला, दप्तर तिथेच टाकलं आणि तिला घेऊन चालत रस्त्याला लागले. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही, कारण बाकीची अकरा तिथेच बसली होती.

रात्री सुधाकरला सगळं सांगितलं. सकाळी म्हणाला, "दप्तर आणतो." दुपारी परत आला, दप्तर खुंटीला लावलं, तोंडावर पाणी मारलं. "मी त्या मुलांसमोर ते नाव घेतलं," तो म्हणाला. तोंड पुसून झाल्यावर त्याने विचारलं, "लोणंदला कधी जायचं?"

रविवारी गेलो. भोइट्यांचं घर शोधायला वेळ लागला नाही, विचारलं की लोक सांगायचे, 'ते बिनदाराचं ना?' ते मला तिथे पोहोचेपर्यंत कळलं नाही. घराला चौकटी होत्या, दारं नव्हती. पुढच्या चौकटीला जुन्या लुगड्याचा पडदा, आतल्या खोल्यांना तोही नाही. न्हाणीघरालासुद्धा नाही. भर दुपारी ते घर कोणीतरी घाईने सोडून गेल्यासारखं वाटत होतं.

"दार लागलं की ती डोकं आपटून घेते," मुलीची आई, रोहिणी, म्हणाली. तिशीची, सडपातळ, सावध डोळ्यांची. "म्हणून ह्यांनी सगळी उतरवून टाकली. का करते, आम्हाला अजून कळलं नाही. त्या शाळेतून आल्यापासून आहे."

मुलगी अंगणात बसली होती. आठ वर्षांची. समोर कांद्यांचा ढीग होता आणि ती एकेका कांद्याची सुटी सालं काढून ओळीने लावत होती.

"घरी काय म्हणता तिला?" मी विचारलं.

"नाव अस्मिता. आम्ही बिट्टी म्हणतो."

"बोलते?"

"नाही हो. जन्मापासून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, बोलायची नाहीच."

सुधाकरने माझ्याकडे बघितलं. तक्रारीचा कागद पिशवीत होता, कसं सांगायचं ते आम्ही वाटेत ठरवलं होतं, पण सांगायची वेळच आली नाही. जुई माझा हात सोडून अंगणात गेली, त्या मुलीसमोर उभी राहिली आणि म्हणाली,

"बिट्टीला बाहेर काढ. बिट्टी शहाणी झाली."

सालं लावणारा हात थांबला. मुलगी उठली. तिने जुईच्या तोंडाकडे बघितलं नाही. तिने आपला तळहात जुईच्या गळ्यावर ठेवला, आवाज जिथून येतो तिथे. जुईला कोणी हात लावलेला चालत नाही. तेव्हा ती हलली नाही. थोड्या वेळाने बिट्टीने हात काढून घेतला आणि पुन्हा कांद्यांशी जाऊन बसली.

"कोण बोललं?" रोहिणी म्हणाली. "तुमची मुलगी? हिचं रडणं असंच आहे. असाच फाटतो आवाज. तुमच्या मुलीला कसा..."

मी सांगितलं. जेवढं मला कळलं होतं तेवढं सगळं. ऐकता ऐकता तिने माझं मनगट घट्ट पकडलं. मला वाटलं, आता रडेल. पण तिचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे माझी बिट्टी बोलली? अख्खं वाक्य बोलली?"

"हो."

"आणखी काय म्हणाली? आणखी काही म्हणाली?"

मी वही काढली. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघत वाचणं फार कठीण गेलं. 'बिट्टी नाही चावणार.' ती हसली. "चावायची हो लहानपणी." 'अंधार नको.' हसू थोडं कमी झालं. मी वही मिटली.

"एवढंच?"

मी वहीवर हात ठेवला.

"वाच, वैजू," सुधाकर म्हणाला. "ते तिचं आहे."

मी चौथं वाक्य वाचलं. "आई, बिट्टी इकडं आहे."

रोहिणी उभी होती तिथेच जमिनीवर बसली. पडदा वाऱ्याने आत-बाहेर होत होता.  ती म्हणाली, "मी दर शनिवारी जायचे. फाटकापर्यंत. म्हणायचे, एकदा लांबनं बघू द्या. त्या म्हणायच्या, आई दिसली की मूल बिघडतं. मी फाटकातनं परत यायचे." मग पदराने तोंड पुसून तिने विचारलं, "सही कुठं करू?"

तक्रारीवर आधी आम्हा दोघींच्या सह्या होत्या, नंतर सहा जणांच्या झाल्या. समाजकल्याण खात्याचे जे अधिकारी चौकशीला आले, ते आधी म्हणाले, "न बोलणाऱ्या मुलांची साक्ष कशी लिहायची, मॅडम?" मी म्हटलं, "तुम्ही वर्गात जाऊन फक्त एक नाव घ्या." ते आत गेले. पाच मिनिटांत बाहेर आले आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. कोठीच्या दाराचे फोटो काढले गेले, गजराबाईने जबाब दिला. दिवाळीपर्यंत शाळेला कुलूप लागलं. खटला पुढे बरीच वर्षं चालला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

जुईची शाळा मला नंतर सापडली, तीही योगायोगाने. एका बंद पडलेल्या तालमीच्या हॉलमध्ये मृदुला खटावकर नावाची बाई नऊ मुलांचा वर्ग चालवायची. मी गेले तेव्हा एक मुलगा गोल गोल पळत होता, एक मुलगी ताट बडवत होती, एकजण टेबलाखाली होता आणि मृदुलाताई त्याच्याबरोबर टेबलाखालीच बसून त्याला चित्र दाखवत होत्या. कानठळ्या बसत होत्या.

"मी मध्ये कधीही आले तर चालेल?" मी विचारलं.

"या की. आल्यावर काहीतरी काम घ्या हातात," त्या खालूनच म्हणाल्या. "इथे एक माणूस कायम कमीच असतं."

मी दाराच्या पायरीवर बसून रडले आणि मग फॉर्म मागितला.

गोष्ट इथे संपली असं मी धरून चालले होते. त्यानंतर तीन महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी दार वाजलं. दारात एक गृहस्थ उभे होते, बरोबर सात-आठ वर्षांचा मुलगा. गोरा, चष्मा लावलेला. मी ओळखलं, त्या रांगेतला मधला.

"मी मुजावर. कोरेगावला एसटीच्या डेपोत असतो. हा साहिल," ते म्हणाले. "तुमचा पत्ता चौकशीच्या कागदावर मिळाला. ताई, तुमच्या मुलीचं नाव जुई का?"

"हो. का?"

 ते आत येऊन बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. जुई शाळेत होती. साहिल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आमच्या घरात हिंदी बोलतात," ते म्हणाले. "हा जे काय बोलतो ते हिंदीतच, त्याच्या अम्मीचं, दादीचं. बिट्टीचं तेवढं मराठी होतं, ते आता बंद झालंय. पण महिनाभर झाला, दुसरं एक मराठी बोलतो. रोज दुपारी. मुलीच्या आवाजात. बिट्टीचा नव्हे, वेगळा. बारीक आहे. मला वाटलं, ज्याचं आहे त्याला कळायला पाहिजे."

"काय म्हणतो?"

"तो म्हणेल. थांबावं लागेल."

आम्ही थांबलो. मी चहा केला, तो तसाच गार झाला. दीड वाजून गेल्यावर साहिलने कपाळ भिंतीला टेकलं आणि म्हणाला,

"जुईची आई येणार आहे."

बारीक, स्वच्छ आवाज. तो मी ओळखत होते आणि कधीच ऐकला नव्हता. सहा वर्षं मी तो फक्त रडण्यात ऐकला होता.

"जुईची आई येणार आहे. जुईची आई येणार आहे."

समजूत घालावी तसं म्हणत होता. कोणाची, कोण जाणे. चौथ्यांदा आवाज उतरला, पाचव्यांदा नुसती कुजबुज राहिली. मग जीभ टाळूला लावून त्याने ती कडी सरकवली, आणि गप्प झाला.

म्हणजे गजराबाई खोटं बोलली होती. त्या अकरा दिवसांत कधीतरी, एकदा किंवा अनेकदा, माझी मुलगी त्या दारामागे होती. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःचं वाक्य बोलली होती. त्या दुपारी मी कोर्टात दुसऱ्या कोणाचं तरी बोलणं उतरवत होते.

मी उठून साहिलजवळ गेले, गुडघ्यांवर बसले. "आले," मी म्हटलं. "आले रे मी. ही बघ, आले." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. थोडा थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागला.

मुजावर टोपी हातात फिरवत होते. निघताना म्हणाले, "ताई, ऐकावंसं वाटलं तर घरी या. कधीही. विचारायचंसुद्धा नाही."

मी गेले. दर रविवारी, सात-आठ महिने. त्याची आई मला दुपारी एकच्या सुमाराला त्याच्या शेजारी बसायला जागा करून द्यायची आणि स्वतः आत निघून जायची. दीडच्या पुढे कधीतरी तो म्हणायचा. मी ऐकायचे आणि घरी यायचे. सुधाकर एकदाच आला, नंतर नाही आला.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी मी गेले तर साहिल खाटेवर बसून पेरू खात होता. दीड वाजला, दोन वाजले, तीन वाजले. तो काही म्हणाला नाही.

"बुधवारपासून बंद झालंय," त्याची आई म्हणाली. "मी तुम्हाला निरोप पाठवणार होते. मग वाटलं, येऊ देत."

 साहिलने उरलेला अर्धा पेरू माझ्या हातात दिला, आणि मी तो खाल्ला.